शोभाची अर्धी राहिलेली मालिका

राहुरी

कोरियन मालिकांमध्ये कुणी मेलं की तीन दिवसांत सगळं उरकतं. दवाखान्यातच एक हॉल असतो. तिथे मेलेल्याचा फोटो पांढऱ्या शेवंतीत ठेवतात, काळ्या कपड्यांतली माणसं येऊन जमिनीला डोकं टेकतात आणि मग शेजारच्या खोलीत मांडी घालून लाल तिखट रस्सा ओरपतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की उद्या तिकडे कुणाच्या मयताला जायची वेळ आली तर मी एकटी जाऊन येईन, कुठे चुकायची नाही. पण मला जायचं होतं शोभाच्या दहाव्याला, पाथर्डीच्या पुढच्या गावाला, आणि तिथलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

राहुरीत बसस्टँडच्या मागे माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. शोभा माझ्याकडे तुरपाईला होती. तिचा नवरा दत्तू त्या काळात इकडे वीटभट्टीवर होता. शिलाई मशीनवर तेलाच्या बाटलीला मोबाईल टेकवायचा आणि हिंदीत बोलणारे कोरियन लोक बघत हुक लावायचे, असं आमचं चालायचं. गिऱ्हाइकं नाक मुरडायची. "त्या सगळ्यांची तोंडं सारखीच की हो," म्हणायची. मी म्हणायचे, आपल्या मालिकांतल्या सासवांचीही सारखीच असतात, फक्त टिकल्या वेगळ्या.

माझी मतं पक्की आहेत आणि मी ती कुणाला विचारून बनवलेली नाहीत. तो श्रीमंत घरातला, न हसणारा, सूट घालून झोपणारा नायक मला आवडत नाही. दुसरा, जो छत्री घेऊन उभा राहतो, औषध आणून देतो आणि शेवटी हात हलवत निघून जातो, तो खरा संसाराचा माणूस. नायिका त्याला कधीच निवडत नाही, कारण नायिकेला अक्कल नसते. मनगट धरून ओढत नेणारा नायक दिसला की मी मोबाईल पालथा घालायचे. शोभा हसायची. "ताई, वढतो पर हॉटेलात जेवायलाच नेतो की," म्हणायची.

आणि ट्रक. सगळं सुरळीत झालं, दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभी आहेत, एकमेकांकडे बघून हसतायत, की बाजूने ट्रक येतो. शोभाला तो आधीच कळायचा. दातातला दोरा न काढता म्हणायची, "आला बगा ताई, ट्रक." मी त्या लिहिणाऱ्यांना आळशी म्हणायचे. गोष्ट पुढे नेता येत नाही म्हणून ट्रक घालतात.

भट्टी बंद पडली तशी ती दोघं गावाला परत गेली आणि दर हंगामात श्रीगोंद्याकडे ऊस तोडायला जायला लागली. मालिका मात्र सुटली नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज करून ती एखादा भाग बघायची आणि मला फोन करायची. शेवटची मालिका होती समुद्राकाठच्या एका खानावळवालीची, जिचा भाऊ लहानपणी हरवलेला असतो. शोभा बाराव्या भागापर्यंत आली होती. मी तिच्यासाठी थांबून राहिले होते, कारण पुढे जाऊन गप्प बसणं मला जमत नाही.

मग तिच्या मुलीचा, आरतीचा फोन आला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन आई ट्रॉलीच्या फळीवरून चढत होती, पाय निसटला, आणि त्याच वेळी ट्रॉली मागे सरकली. आरती एवढंच बोलली आणि "दहाव्याला या मावशी" म्हणाली.

लिहिणाऱ्यांना आता मी आळशी म्हणत नाही.

नगर ते पाथर्डी

नगरचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्याही बदलल्यात, पण कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. स्टँडवर पाथर्डीची गाडी लागायला वेळ होता. दहाव्याला मेलेल्याच्या आवडीचं काहीतरी पिंडाशेजारी ठेवतात, एवढं मला माहीत होतं. जवळच्या एका मोठ्या दुकानात कोरियन नूडल्सची लाल पाकिटं दिसली. शोभाच्या तोंडाला ती नुसती बघून पाणी सुटायचं. मी एक घेतलं आणि पिशवीत तळाशी ठेवलं. गाडीत बसल्यावर पाहिलं तर पाकिटावर कोंबडीचं चित्र. दहाव्याच्या पिंडाशेजारी कोंबडी ठेवायला निघालेली बाई मीच असेन. कपाळावर हात मारला आणि पाकीट पुन्हा तळाशी दाबलं.

आमच्या राहुरीकडे धरणाचं पाणी, कॅनॉल, डोक्याएवढा ऊस. करंजीचा घाट चढला की ते सगळं पुसल्यासारखं होतं. उघडे डोंगर, काढून झालेल्या बाजरीची खुंटं, मध्येच कपाशीचं एखादं वावर, आणि बाभळी. इकडे ऊस पिकत नाही. इकडची माणसं दुसऱ्यांचा ऊस तोडतात.

गाडी गावागावांतून जात होती आणि घरांना कुलपं होती. एका आळीत चार घरं, चारही बंद, आणि पुढे ओट्यावर एक म्हातारी बसलेली. कोरियन मालिकेतलं खेडंही असंच असतं. तिथेही म्हाताऱ्याच उरलेल्या, लाकडी बाजेवर बसून लसूण सोलणाऱ्या, आणि शहरातून आलेल्या नायिकेला नाही नाही ते प्रश्न विचारणाऱ्या. ती खेडी बघून मला फार प्रसन्न वाटायचं. माणसं कुठे गेली असतील, असा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

गाव

आरती फाट्यावर न्यायला आली होती. शाळेचा निळा स्वेटर, त्यावर ओढणी. दहावीला आहे. आईबाप उसाच्या फडावर गेले की आजीजवळ राहून शाळा करायची. मला बघून रडली नाही. पिशवी हातातून घेतली आणि पुढे चालायला लागली.

शोभाची सासू, हौसाबाई, दारात बसली होती. मी जन्मभर मालिकांतल्या सासवा पाहिल्यात. सुनेच्या तोंडावर पाण्याचा ग्लास फेकणाऱ्या, हातात पाकीट ठेवून "माझ्या मुलाला सोड" म्हणणाऱ्या. त्यांचा राग करायला सोपं जातं. हौसाबाईचा राग करायचा म्हणूनच मी आले होते, कारण शोभा तिच्याबद्दल फार बरं बोलायची नाही. पण ही बाई उठली, मला हाताला धरून आत नेलं, आपली गोधडी माझ्यासाठी अंथरली आणि शेजारणीने सुतकातल्या घरासाठी आणलेली पिठलं-भाकरी माझ्यापुढे ठेवली.

"खा बाई. लांबून आलीस. ती लई नाव काढायची तुजं."

भाकरी चांगली होती.

बोलता बोलता तिने जे सांगितलं ते मी आहे तसं लिहिते, कारण ते सांगताना तिच्या आवाजात काही वाईटपणा नव्हता.

"दत्तूचा कोयता मोडला बग. नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. येकटा गडी म्हंजी अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय? आनि टोळीच्या मुकादमाकडनं आगाऊ पैसं घिऊन आख्ख्या हंगामाचा शबुद दिल्याला."

"मग आता?"

"मुकादमानीच जागा काडलीय. आरतीला. पोरगा तोडनीलाच जातो, निर्व्यसनी हाय. तेराव्यानंतर उरकून घ्यायचं. पोरगी-जावई मिळून कोयता हुतो, दत्तू त्यांच्या संगं ऱ्हाईल, मुकादमाचंबी भागंल."

"आजी, ती दहावीला आहे. दोन-अडीच महिन्यांवर परीक्षा आलीय."

"मला ठावं हाय." हौसाबाईने पदराने तोंड पुसलं. "माजं काय खरं न्हाई. मी गेल्यावर ह्या बंद घरात तरन्या पोरीला कोन राखनार? तू राखती का?"

मालिकेत अशा वेळी कुणीतरी दार ढकलून आत येतं आणि "मी राखीन" म्हणतं. दारात फक्त शेळी होती.

शोभाच्या मनातलं मला माहीत होतं. दर फोनला मालिकेचं झालं की शेवटी हेच यायचं. "आरतीचं माज्यासारखं हुऊ द्यायचं न्हाई, ताई." शोभाचं लग्न झालं तेव्हा ती आरतीएवढीच होती. कोरियन नायिका तिशी उलटली तरी लग्नाचं नाव काढत नाहीत, आयांशी भांडतात, भाड्याच्या खोलीत एकट्या राहतात. हे तिला त्या बर्फापेक्षा आणि समुद्रापेक्षा जास्त आवडायचं. "काय गं ह्यांची मजा," म्हणायची.

संध्याकाळी आरती माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "मावशी, आजी उद्या पुरनपोळी ठेवनार हाय. आईला पुरनपोळी आवडत नव्हती. ती आजीला आवडती."

मी तिला कोंबडीचं पाकीट दाखवलं. दहा दिवसांत ती पोर पहिल्यांदा हसली असावी. मग आम्हा दोघींना एकदमच आठवलं. शेंगोळं. हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसूण-मिरचीच्या रश्शात उकडलेल्या. कोरियन लोक पातेल्याच्या झाकणीवर नूडल्स घेऊन सुर्रसुर्र खातात, ते पाहिल्यापासून शोभा शेंगोळं झाकणीवर घेऊनच खायची. "आपलं बी तेच की, ताई. आपलं जरा जाड." दुकानात डबा उघडला की आधी झाकणी शोधायची.

नदी

सकाळी आरतीने आणि मी शेजारणीच्या चुलीवर शेंगोळं केलं. वळ्या तिच्या बारीक, माझ्या वेड्यावाकड्या.

नदीला पाणी म्हणायला एक डबकं होतं, बाकी वाळू आणि खडक. न्हावी दत्तूचं डोकं करत होता. तो मान खाली घालून बसला होता, केस मांडीवर पडत होते. माणसं फार नव्हती, निम्मं गाव फडावर. तरी स्पीकर आणलेला होता. आमच्या जिल्ह्यात दहाव्याला भाषणं झाल्याशिवाय मेलेल्याला मोकळीक नाही. मुकादम पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला आणि म्हणाला की शोभाताई अत्यंत कष्टाळू होत्या, त्यांची मोळी कधी हलकी नसायची. हे ऐकताना मला काय वाटलं ते लिहीत नाही.

गुरुजींनी पिंड मांडले. हौसाबाईने पुरणपोळी ठेवली, हिरवी साडी ठेवली. आरतीने झाकणीवर शेंगोळं ठेवलं. एकदोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण कुणी बोललं नाही. सगळे मागे सरून उभे राहिले.

कावळा होता. बाभळीच्या फांदीवर बसला होता, मान वाकडी करून बघत होता, पण खाली येत नव्हता.

एकेक जण हात जोडून पुढे होऊन बोलायला लागला. कुणी म्हणालं, "हौसाबाईला अंतर देनार न्हाई." दत्तू म्हणाला, "पोरीला संभाळीन." कावळा हलला नाही. ऊन चढलं. शोभाच्या भावाने "दर सनाला आरतीला माहेरासारखं करीन" म्हणून सांगितलं. कावळ्याने पंख झटकले आणि वरच्या फांदीवर गेला.

बायकांत कुजबुज सुरू झाली. "काय तरी ऱ्हायलंय तिचं. जीव आडाकलाय." मग कुणीतरी माझ्याकडे बोट केलं. "त्या शिलाईवाल्या बाईस्नी ठावं असंल. रोज फोनवर असायच्या."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मला जन्मात कधी एवढ्या माणसांनी एकदम काही विचारलं नव्हतं. पण सोळा-सोळा भागांच्या मालिका बघून एक गोष्ट मी शिकले होते. बोलायची वेळ एकदाच येते, आणि नायिका ती हमखास घालवते. दुकानात बसून मी त्या बायांना किती शिव्या दिल्यात. बोल की मेले, आत्ता बोल.

मी पुढे झाले.

"आरतीचं लग्न," मी म्हणाले. "शोभाचा जीव त्यात होता. मला तिने दहा वेळा सांगितलंय. दत्तूदाजी, अठरा पूर्ण झाल्याशिवाय आरतीचं लग्न करणार नाही, असं म्हणा."

दत्तूने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम घड्याळाकडे बघत गुरुजींना म्हणाला, "लोकं खोळांबलीत. दर्भाचा कावळा करा आन् शिवून घ्या."

गवताचा कावळा करून पिंडाला लावला की झालं, विधी पुरा. मग कुणाला काही कबूल करायची गरज नाही. गुरुजींनी दर्भ हातात घेतला.

"खरा कावळा बसलाय ना समोर," मी म्हणाले. "तो काय गवताचा आहे? थांबा जरा."

आणि तेव्हा हौसाबाई बोलली. माझ्याकडे न बघता, मुलाकडे बघत. "म्हन दत्तू. जाऊ दे तिला."

दत्तू उठला. बोडक्या डोक्याने, उघड्या अंगाने पिंडासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "न्हाई करनार. अठरा पुरी झाल्याबिगर आरतीचं लगीन न्हाई करनार. जा शोभे आता. जा."

आम्ही सगळे मागे सरलो. कावळा खाली उतरला, उड्या मारत पिंडाजवळ आला. पुरणपोळीकडे त्याने पाहिलंही नाही. झाकणीवर चोच मारली, शेंगोळ्याची एक वळी उचलली आणि जाता जाता पिंडाला शिवून उडाला. बायका रडायला लागल्या. आरतीने माझा दंड धरला तो किती तरी वेळ सोडला नाही.

तो भुकेला होता आणि शेंगोळ्याला वास चांगला सुटला होता, हे मला कळत नाही असं नाही. पण शब्द सगळ्या गावासमोर दिलेला होता. पिंडासमोर दिलेला शब्द इकडे कुणी मोडत नाही.

राहुरी, परत

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि घाट उतरेपर्यंत मला शोभाशी बोलावंसं वाटत होतं. झालं गं तुझं काम, असं. मालिका असती तर इथे गाणं लागलं असतं, बर्फ पडला असता आणि सगळ्या पात्रांची हसरी तोंडं एकेक करून दाखवली असती. मला ते शेवट खोटे वाटायचे, पण त्या दिवशी खरे वाटले. दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकांनाही मी रंगवून सांगितलं.

मालिका पुढे बघितली नाही. तेराव्या भागावर बोट जाऊन मागे यायचं.

मग एका दुपारी आरतीचा फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"कुठून बोलतेस गं?"

"श्रीगोंद्याकडनं. फडातनं. आईचाच मोबाईल हाय."

मला आधी कळलंच नाही. "सुट्टी लागली का? बापाला भेटायला गेलीस?"

"न्हाई. मी कोयता धरलाय. दादाच्या संगं." बापाला ती दादा म्हणते. मग ती मला समजावल्यासारखं म्हणाली, "लगीन न्हाई केलं, मावशी. दादानं शबुद पाळला. त्यो मुकादम लई मागं लागल्ता, पर दादा म्हनला, न्हाई म्हंजी न्हाई. पोरगीच येती माज्या जोडीला."

"आणि परीक्षा?"

"पुढच्या साली बसू म्हनलाय."

हातात कुणाचं तरी ब्लाउज होतं. त्याची बाही मी मुठीत आवळून धरली होती. नदीवर सगळं गाव हात जोडून उभं होतं, कावळा वर बसला होता, जे मागितलं असतं ते मिळालं असतं. शाळा मागता आली असती. तिला फडावर नेऊ नका म्हणता आलं असतं. पण सोळा भाग लग्न होतं की नाही, ह्याच एका गोष्टीवर जीव टांगून बसायची मला सवय. मला तेवढंच सुचलं. दत्तूने तेवढंच दिलं, आणि दिलेलं पाळलं. त्याच्यावर रागवायची सोयसुद्धा राहिली नाही.

"आरती," मी विचारलं, "ट्रॉलीवर मोळी कोण चढवतं?"

ट्रॅक्टर सुरू असल्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी लांबून तिला हाक मारली.

"मावशी," ती म्हणाली, "ती खानावळवाली. तिचा भाऊ घावला का शेवटाला? आईनं बारावर सोडल्ती. मोबाईलमदी तशीच हाय. इथं पुढचं लागत न्हाई."

"तुला वेळ आहे का ऐकायला?"

"ट्रॉली भरायला लागायच्या आत सांगा."

मी पुढचं पाहिलेलं नव्हतं. तरी सांगायला लागले. खानावळवाली समुद्राकाठच्या रस्त्यावर उभी आहे, पलीकडच्या बाजूला एक माणूस उभा आहे, आणि तो तिच्याकडे बघून हसतोय. मग तो रस्ता ओलांडायला लागतो. आरती म्हणाली, "मग ट्रक आला आसंल." मी म्हणाले, नाही. ह्या मालिकेत ट्रक नाही. तो सावकाश चालत इकडे आला.